पडदा नसलेली टार्डिस : टीव्हीवरची मालिका कानासाठी पुढे नेताना

प्रश्न असा आहे : ‘डॉक्टर हू’ ही ब्रिटिश विज्ञानमालिका टीव्हीवर बंद होती त्या काळात ‘बिग फिनिश’ या कंपनीने तिची श्राव्यनाट्यं काढायला सुरुवात केली, आणि ती पंचवीस वर्षांहून जास्त काळ निघत आहेत. चित्र नाही, रंगभूषा नाही, राक्षसांचे मुखवटे नाहीत, तरी ऐकणाऱ्याला ही तीच मालिका वाटते. हे जमतं कसं? मराठीत विज्ञानकथेची नभोनाट्यमालिका करायची तर यातलं नेमकं काय उचलावं?

ती मालिका निम्मी आवाजातच होती, आणि बिग फिनिशने त्या निम्म्याला हात लावला नाही, जसंच्या तसं सांभाळलं. बाकीचं निम्मं मात्र डोळ्यांसाठी लिहिलेलं होतं. ते सरळ टाकून देऊन कानासाठी नव्याने बांधलं. जी मंडळी टीव्हीची संहिता घेऊन तिच्यात ‘बघ, बघ, तिकडे काय आहे’ असली वाक्यं पेरतात, त्यांचं नाटक पहिल्या दहा मिनिटांत बसतं.

निम्मी मालिका आवाजात होती याचा पुरावा विलक्षण आहे. ‘डॉक्टर हू’ २३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीवर सुरू झाली. १९६७ ते १९७८ या काळात बीबीसीने जुन्या टेप पुसून पुन्हा वापरल्या, त्यामुळे साठच्या दशकातल्या नव्वदहून अधिक भागांचं चित्र आज उपलब्ध नाही. पण यातल्या एकूण एक भागाचा आवाज शिल्लक आहे, कारण घरोघरच्या प्रेक्षकांनी टीव्हीसमोर माईक धरून किंवा टीव्हीला वायर जोडून तो टेप केला होता. पुढे हेच आवाज, मध्ये निवेदनाची जोड देऊन, बीबीसीने विक्रीला काढले.

तुम्हाला खरोखर शिकायचं असेल तर पहिला अभ्यास हाच करा. असा एखादा हरवलेला भाग निवेदन नसलेल्या रूपात मिळाला तर तो ऐका. नाही तर टीव्हीवरच्या कुठल्याही विज्ञानमालिकेचा भाग पडद्याकडे पाठ करून ऐका. हातात कागद-पेन्सिल ठेवा आणि धागा सुटला की मिनिट-सेकंद टिपा. पंचवीस मिनिटांत दहा-बारा खुणा होतील, आणि त्या बहुतेक तीनच जातींच्या असतील : कुणीतरी न बोलता काहीतरी केलं, कुणीतरी ‘हे’, ‘ते’, ‘तिकडे’ म्हणालं, किंवा सारख्याच पोताचे दोन-तीन आवाज एकत्र बोलले. श्राव्य संहितेतल्या चुका म्हणजे घुमूनफिरून या तीनच.

आता सांभाळायचं ते काय? टार्डिस म्हणजे मालिकेचा नायक जो डॉक्टर, त्याचं कालयान. ते प्रकटताना जी घरघर येते ती ब्रायन हॉजसन यांनी बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या ध्वनिप्रयोगांच्या विभागात जुन्या पियानोच्या जाड तारांवर घराची किल्ली घासून, मग टेपवर प्रक्रिया करून तयार केली. शीर्षकसंगीत रॉन ग्रेनर यांचं, पण ते प्रत्यक्षात उतरवलं डेलिया डर्बीशायर यांनी : ऑसिलेटर या विजेवर सूर काढणाऱ्या यंत्राचे सूर, छेडलेली तार, आणि एकेका सुराचा टेपचा तुकडा कापून जोडलेला. त्या काळी कीबोर्डवर वाजवता येईल असा सिंथेसायझर त्यांच्यापाशी नव्हता. हे दोन आवाज कानावर पडले की ब्रिटिश श्रोता कुठे बसला आहे हे विसरतो. म्हणून बीबीसीकडून परवाना घेताना कथा आणि पात्रांइतकेच हे आवाजही करारात असावे लागतात. ‘आम्ही साधारण तसंच काहीतरी करून घेऊ’ हे इथे चालत नाही, कारण साधारण तसा आवाज ऐकला की कान लगेच म्हणतो, नक्कल.

परवान्याचं प्रकरण कोरडं असतं, पण कथांचा आकार त्यानेच ठरतो. टीव्हीवरची जुनी मालिका १९८९ मध्ये थांबली. १९९६ मध्ये पॉल मॅकगॅन डॉक्टर असलेला एकच टीव्ही चित्रपट आला, आणि पुन्हा शांतता. बिग फिनिशचं पहिलं ‘डॉक्टर हू’ श्राव्यनाट्य ‘द सायरन्स ऑफ टाइम’ जुलै १९९९ मध्ये आलं. पीटर डेव्हिसन, कॉलिन बेकर आणि सिल्व्हेस्टर मॅकॉय हे तीन डॉक्टर त्यात आहेत (कथेत डॉक्टर मरणाच्या दारात शरीर बदलतो, म्हणून त्याची भूमिका एकामागून एक वेगळे नट करतात). पहिल्या तीन भागांत एकेक जण, चौथ्यात तिघं एकत्र. २००५ मध्ये टीव्ही मालिका पुन्हा सुरू झाली, पण नव्या मालिकेतली पात्रं बिग फिनिशला लगेच वापरता आली नाहीत. तो दरवाजा २०१५ च्या सुमाराला उघडला. डेलेक या यंत्रराक्षसांचे हक्क तर त्यांचे लेखक टेरी नेशन यांच्या वारसांकडेही आहेत. मराठीत कुणी हौसेने जरी डेलेक घेऊन श्रुतिका करून नेटवर टाकली, तरी परवानगीचा प्रश्न तोच. आपलं स्वतःचं विश्व उभं करणं हा सोपा आणि जास्त समाधानाचा रस्ता आहे. तंत्र उचला, पात्रं नको.

कथा कुठे बसवायची, हा पुढचा निर्णय. चालू मालिकेच्या मागून धावण्यात अर्थ नसतो. बिग फिनिशने फटी शोधल्या : टीव्हीवरच्या दोन कथांच्या मध्ये डॉक्टरबरोबर फिरणारी सोबतीण बदललेली नाही, पण काळ उलटलेला असू शकतो, अशा जागा. सगळ्यात मोठा फायदा त्यांनी घेतला तो अपुऱ्या राहिलेल्या डॉक्टरांचा. कॉलिन बेकर यांना टीव्हीवर फार थोडा काळ मिळाला आणि त्यांचा डॉक्टर चिडका, भांडखोर म्हणून लोकांच्या लक्षात राहिला. श्राव्यनाट्यात त्याच्या सोबतीला २००० साली एव्हलिन स्माइद आली. ती पन्नाशी ओलांडलेली, इतिहास शिकवणारी बाई; भूमिका मॅगी स्टेबल्स यांची. या डॉक्टरला दम देणारं, त्याला बसवून कोको पाजणारं कुणीतरी भेटलं आणि तोच माणूस उलगडत गेला. आवाजाच्या दृष्टीनेही ही निवड पक्की होती : त्याचा भरदार, नाटकी आवाज आणि तिचा वयाने मऊ झालेला, ठाम आवाज. दोघं एकाच वेळी बोलले तरी गोंधळ होत नाही. पात्रयोजना करताना आधी कान, मग कीर्ती. दोन नट निवडलेत की दोघांकडून तेच एक वाक्य वाचून घ्या आणि तिसऱ्याला डोळे मिटून ओळखायला सांगा. पाचपैकी एकदा जरी चूक झाली तर त्या दोघांना एका प्रवेशात ठेवू नका.

पॉल मॅकगॅन यांची गोष्ट याहून बोलकी. टीव्हीवर एका चित्रपटापुरता आलेला डॉक्टर, आणि जानेवारी २००१ मधल्या ‘स्टॉर्म वॉर्निंग’पासून त्याची बहुतेक कारकीर्द कानावर घडली. ती कथा ‘आर १०१’ या ब्रिटिश हवाईजहाजावर, म्हणजे वायूने भरलेल्या अजस्र फुग्यासारख्या जहाजावर, आहे. हे जहाज खरोखर कराचीला निघालं होतं आणि ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळलं. ५४ पैकी ४८ माणसं गेली. लेखकाला याचे दोन फायदे. इंजिनांची घरघर, ताणलेल्या कापडाची करकर, पाऊस असा जागेचा आवाज फुकट मिळतो. आणि शेवट काय होणार हे इतिहास जाणणाऱ्याला ठाऊक असल्यामुळे प्रत्येक हलक्याफुलक्या वाक्याखाली ताण राहतो. चार्ली पोलार्ड ही मुलगी खरं तर त्या अपघातात मरायला हवी होती. डॉक्टर तिला वाचवतो आणि पुढची कित्येक नाटकं त्या एका कृतीची किंमत मोजत जातात. त्या नाटकाच्या सुरुवातीला डॉक्टर बराच वेळ एकटाच बोलतो, आणि मॅकगॅनसारखा नट असूनही ती जागा जड जाते. एकटं पात्र मोठ्याने का बोलतंय, याला उत्तर हवं. त्याला यंत्राशी बोलू द्या, जखमी प्राण्याला समजावू द्या, नोंद करून ठेवू द्या. नाहीतर पहिल्या मिनिटालाच दुसरं माणूस आणा. डॉक्टरला कायम सोबतीण का लागते याचं निम्मं उत्तर इथेच आहे : प्रश्न विचारणारं कुणी असलं की माहिती भाषण न होता संभाषण होते.

आता संहिता. श्रोत्याला एखादी गोष्ट तीनच मार्गांनी कळते : कुणी बोललं, काही वाजलं, किंवा दोन्हींमधून त्याने स्वतः जुळवलं. यातला तिसरा मार्ग सर्वात सुखाचा. उदाहरण घ्या.

वाईट :

मीरा : बाप रे! काका, समोरच्या भिंतीवरून तो हिरवा, आठ पायांचा प्राणी आपल्याकडे सरकतोय, आणि त्याच्याकडे माझी बॅटरी आहे!

बरं :

(लोखंडी जाळीवर नखांची टकटक. थांबते.)
मीरा : (कुजबुजत) काका, हलू नका.
काका : कुठंय?
मीरा : तुमच्या डोक्यावर.
(टक. टक. सावकाश, आठ वेळा.)
काका : मोजलेस?
मीरा : आठ.
काका : बॅटरी बंद कर.
मीरा : माझ्याकडे नाहीये ती.
(वरून : बॅटरीच्या बटणाची खट्.)

हिरवा रंग गेला, आणि त्याची कुणाला आठवणही झाली नाही. ‘तुमच्या डोक्यावर’ हे मात्र बोलावंच लागलं, कारण स्टिरिओत डावं-उजवं आणि जवळ-लांब दाखवता येतं, वर-खाली येत नाही. उंची सांगायची असेल तर ती शब्दांत हवी. आणि शेवटची खट् चालते, कारण आधीच्या ओळीने कानाला तिची वाट बघायला लावलं आहे. अनोळखी आवाज आधी आणि स्पष्टीकरण मागून, असं केलंत तर श्रोता दोन ओळी मागे राहतो. ओळखीचा आवाज असेल तर शब्द नकोच. दार आपटलं की ‘अरे, दार लागलं’ म्हणण्याची गरज नाही.

एका प्रवेशात बोलणारे चारच्या वर नकोत. प्रवेशात असलेलं पात्र पाऊण मिनिट गप्प राहिलं तर श्रोत्याच्या लेखी ते निघून गेलेलं असतं. मग ते अचानक बोललं की दचकायला होतं. त्याला मध्येच हुंकार द्या, खोकला द्या, ‘हं’ द्या. नवीन पात्राचं नाव त्याच्या पहिल्या दोन-तीन वाक्यांच्या आसपास दुसऱ्याच्या तोंडून यावं. मराठीत आपल्याला सोयीची गोष्ट ही की नात्याच्या हाका आहेत. ‘काका’, ‘वहिनी’, ‘सर’, ‘साहेब’ या हाका नावाचं काम करतात आणि शिवाय कोण कुणाचं कोण हेही सांगतात. पण प्रत्येक वाक्यात हाक घातलीत तर ते बाराखडीसारखं ऐकू येतं.

लांबीचं गणित : जुन्या टीव्ही मालिकेचा भाग साधारण पंचवीस मिनिटांचा, आणि बिग फिनिशने मुख्य मालिकेत बरीच वर्षं तोच साचा ठेवला, चार भाग, दोन सीडी, सुमारे दोन तास. मराठीत नाट्यमय बोलण्याचा वेग मिनिटाला ११० ते १२० शब्द धरा. पंचवीस मिनिटांतून संगीत, शीर्षक आणि निव्वळ आवाजाच्या जागा यांची तीन मिनिटं वजा करा. उरलेल्या बावीस मिनिटांना सुमारे २,५०० शब्दांचे संवाद लागतात. नवखा लेखक हमखास ३,५०० लिहितो, मग नट धावत वाचतात आणि ध्वनिसंयोजकाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. भागाचा शेवट टांगता ठेवायचा असतो, पण टीव्हीवर जसा अक्राळविक्राळ चेहरा समोर आणून थांबतात तसा इथे चालत नाही. नुसती किंकाळी म्हणजे काहीच नाही. शेवट वाक्यावर करा, ज्या वाक्याने मागची वीस मिनिटं वेगळी दिसू लागतील अशा वाक्यावर, आणि त्याच्या शेवटच्या अक्षरावर शीर्षकसंगीत आदळू द्या. मध्ये अर्धा सेकंद जरी मोकळा राहिला तरी धार जाते.

ध्वनिमुद्रणात बिग फिनिशची एक पद्धत आवर्जून घेण्यासारखी : नट एकत्र बोलतात, पण प्रत्येक जण वेगळ्या काचेच्या खोलीत, एकमेकांना बघत, हेडफोनमधून ऐकत. अभिनय समोरासमोरचा राहतो आणि प्रत्येकाचा ट्रॅक स्वच्छ, स्वतंत्र मिळतो. विज्ञानकथेत याला पर्याय नाही. एक पात्र अवकाशवेषाच्या शिरस्त्राणातून बोलतंय, दुसरं रेडिओवरून, तिसरं यंत्र आहे. तिघांचे आवाज एका माईकमध्ये मिसळले असतील तर एकावर केलेला परिणाम बाकीच्या दोघांवरही चढतो. तीन खोल्या नसतील तर जाड गाद्या-रजया उभ्या करून आडोसे करा. तेही नसेल तर प्रक्रिया लागणारं पात्र शेवटी वेगळं घ्या, पण समोरच्याने आपल्या ओळी त्याला हेडफोनमध्ये प्रत्यक्ष वाचून द्याव्यात.

माईक तोंडापासून १५ ते २० सेंटीमीटर, मध्ये पॉप फिल्टर (‘प’, ‘फ’चा झोत अडवणारी जाळी), मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर, बोलण्याची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास. ओरडण्याच्या जागी नट मागे सरकतो, रेकॉर्डिस्ट गेन (माईकची पातळी) फिरवत नाही. ‘आऽऽ’, धावतानाची धाप, पडताना, झटापटीत निघणारे आवाज, सगळं दिवसाच्या शेवटी एकत्र घ्या. सकाळी किंकाळ्या घेतल्या की दुपारी घसा बसलेला असतो. संहितेची पानं एका बाजूलाच छापा, टाचू नका, आणि वाक्य एका पानावरून दुसऱ्यावर जाऊ देऊ नका. पान उलटल्याचा आवाज नेमका सर्वात हळव्या वाक्याखाली सापडतो. टॅब्लेट चालेल, पण स्पर्शाचा टिकटिक आवाज आणि सूचना बंद करा. प्रत्येक खोलीची निव्वळ शांतता एक मिनिट मुद्रित करून ठेवा. संपादनात दोन वाक्यांमधल्या फटी भरायला ती लागते. तिथे डिजिटल शून्य घातलंत तर कानाला खड्डा लागतो.

सर्वात जास्त नाटकं कशाने बिघडतात ते सांगतो : नट शांत खोलीत उभा आहे, म्हणून शांतपणे बोलतो, आणि मागून त्या संवादाखाली इंजिनं, वादळ, गोळीबार येतो. मग एकतर संवाद बुडतो किंवा इंजिन इतकं खाली घ्यावं लागतं की ते मिक्सरसारखं वाटतं. आवाज वाढवून हे सुटत नाही, कारण ओरडून बोलण्याचा पोतच वेगळा असतो; स्वर ताणले जातात, वाक्य तुटक होतं. उपाय सोपा : मुद्रणाच्या वेळीच इंजिनाचा कच्चा आवाज नटाच्या हेडफोनमध्ये सोडा. माणूस आपोआप त्याच्यावरून बोलतो. हेडफोनमधून तो माईकमध्ये गळत नाही ना, एवढं मात्र तपासा.

डेलेकचा आवाज कसा होतो हे बऱ्याच जणांना हवं असतं. नव्या मालिकेत आणि बिग फिनिशमध्ये तो निकोलस ब्रिग्ज यांचा आहे, आणि साधन आहे रिंग मॉड्युलेटर. यात नटाचा आवाज सुमारे ३० हर्ट्झच्या साध्या लहरीने गुणला जातो. समजा स्वर २०० हर्ट्झचा आहे; बाहेर येतात १७० आणि २३०, आणि मूळ २०० नाहीसा होतो. प्रत्येक सुराची अशी फाळणी झाल्यामुळे माणूस ओळखू येतो पण माणूसपण जातं. ही लहर १५ हर्ट्झच्या खाली नेली तर नुसती थरथर येते. ८०-१०० च्या वर नेली तर घंटेसारखा नाद चढून शब्द कळेनासे होतात. नटाला हेडफोनमध्ये प्रक्रिया झालेला आवाजच ऐकवा, कारण तो ऐकूनच त्याचं बोलणं बदलतं. पण टेपवर कोरडा आवाजही समांतर घ्या. प्रक्रिया झालेलाच एक ट्रॅक ठेवलात तर पुढे दुरुस्तीचा मार्ग उरत नाही. यंत्र अर्धंच काम करतं. उरलेलं अर्धं म्हणजे लांबवलेले स्वर, एकसुरी सुरुवात आणि चढत जाणारा शेवट. मराठीत असं पात्र लिहाल तर लांब स्वरांचे शब्द द्या : ‘माघारी जा’ ऐकू येईल, ‘स्थित्यंतर’ चिखल होईल. गर्दी हवी असेल तर एकाच नटाकडून चार-पाच वेळा वाचून घ्या, प्रत्येक वेळी लहर दोन-तीन हर्ट्झने हलवा आणि २० ते ४० मिलिसेकंद पुढेमागे सरकवा. एकच ट्रॅक प्रती काढून लावला तर फौज न होता पोकळ नळीतून आल्यासारखा आवाज होतो.

पण प्रक्रियेचं खरं मोल भीतीत नसतं. मार्क प्लॅट यांचं ‘स्पेअर पार्ट्स’ (२००२) ऐका. मोंडास या मरत्या ग्रहावरची माणसं जगण्यासाठी हळूहळू सायबरमॅन, म्हणजे यंत्रमाणसं, होत चालली आहेत. त्यात यव्होन नावाची मुलगी अर्धवट रूपांतर झालेल्या अवस्थेत घरी परत येते. आवाज १९६६ च्या पहिल्या सायबरमॅनसारखा, चुकीच्या जागी आघात देणारा, हेलकावणारा. शब्द मात्र घरातले. टीव्हीवर आधी पोलादी धड दिसलं असतं आणि आपण घाबरलो असतो. इथे आपल्याला आधी मुलगी ऐकू येते. यंत्राआडचं माणूस ऐकू यावं म्हणून प्रक्रिया थोडी कमी ठेवायची धमक लागते, आणि ती तिथे आहे. २००६ मध्ये टीव्ही मालिकेने सायबरमॅन परत आणले तेव्हा या नाटकाचं ऋण श्रेयनामावलीत मान्य केलं. तसंच रॉबर्ट शिअरमन यांच्या ‘ज्युबिली’चं (२००३) : कैदेतला एकटा डेलेक आणि त्याच्याशी बोलणारी एव्हलिन, या गाभ्यातून २००५ चा टीव्हीवरचा ‘डेलेक’ हा भाग त्यांनीच लिहिला. कोठडीत दोन आवाज, दुसरं काही नाही. श्राव्यनाट्याला याहून योग्य जागा नाही.

शिअरमन यांच्याच ‘स्केर्ट्सो’त (२००३) दोनच नट आहेत, पॉल मॅकगॅन आणि चार्ली झालेली इंडिया फिशर. त्यांची ज्ञानेंद्रियं काढून घेतली जात आहेत आणि आवाज हाच तिथला जीव आहे. ‘लाइव्ह ३४’ (२००५) हे अख्खं नाटक एका परग्रहावरच्या नभोवाणी केंद्राचं प्रक्षेपण आहे. बातमीदार, मुलाखती, थेट वार्तांकन, बस. कमी पैशात मराठीत काही करायचं असेल तर हा आकृतिबंध आधी बघा. आकाशवाणीच्या बातमीपत्राची लय आपल्या कानात इतकी मुरलेली आहे की तिच्यात पडलेली पहिली फट अंगावर काटा आणते.

जागांच्या आवाजाविषयी. प्रत्येक ठिकाणाला स्वतःचा पार्श्वध्वनी द्या आणि तो मालिकाभर बदलू नका. टार्डिसच्या आतली गुणगुण लागली की ‘आपण आत आलो’ म्हणावं लागत नाही. हा पार्श्वध्वनी किमान तीन मिनिटांचा करा. वीस सेकंदांचा तुकडा फिरवत ठेवलात तर त्यातली एखादी टिक पुन्हापुन्हा येते आणि तिसऱ्या वेळी कान फक्त तीच ऐकतो. यानाचं दार म्हणजे तीन थर : सोड्याची बाटली उघडल्याची फुस्स, लोखंडी खण सरकल्याचा आवाज, शेवटी जड ठप्प. हाडं मोडायला उसाचं कांडं किंवा कोबीचा दांडा, लिबलिबीत प्राण्याला ओलं फडकं आणि पिकलेलं केळं, आगीला चिप्सचं रिकामं पाकीट. कुठली फाइल कुठल्या दाराची याची वही ठेवा. तिसऱ्या भागात दाराचा आवाज बदलला तर श्रोत्याला ती नवी जागा वाटते, आणि तो तुमची चूक समजून न घेता कथेत त्याचा अर्थ शोधत बसतो.

गेलेल्या नटांचं काय, हा नाजूक विषय. बिग फिनिशने आधी वळसा घेतला : २००७ पासूनच्या ‘कम्पॅनियन क्रॉनिकल्स’मध्ये जुन्या डॉक्टरची सोबतीण कथा सांगते, आणि तिच्या जोडीला साधारण एकच दुसरा आवाज. डॉक्टर तिच्या आठवणीतून बोलतो, त्यामुळे नक्कल हुबेहूब असायची गरजच उरत नाही. मग हळूहळू नवे नट आले : तिसऱ्या डॉक्टरसाठी टिम ट्रेलोअर, पहिल्यासाठी डेव्हिड ब्रॅडली, दुसऱ्यासाठी पॅट्रिक ट्राउटन यांचे चिरंजीव मायकेल, आणि सेरा जेन या जुन्या सोबतिणीसाठी एलिझाबेथ स्लेडन यांची कन्या सेडी मिलर. नव्या नटाने आवाजाची पट्टी धरू नये, बोलण्याची चाल धरावी : कुठे थांबतो, कुठला शब्द उचलतो, वाक्य संपवतो की अर्धवट सोडतो. चाल बरोबर असली की दोन मिनिटांत कान जुळवून घेतो. चाल चुकली तर हुबेहूब पट्टीही मिमिक्री वाटते. वय झालेल्या नटांनाही हेच लागू. टॉम बेकर १९७४ मध्ये टीव्हीवर डॉक्टर झाले आणि बिग फिनिशमध्ये २०१२ मध्ये आले, पंचाहत्तरी उलटल्यावर. आवाज खोल झालेला. सॉफ्टवेअरने पट्टी चढवून तरुण करण्याचा मोह टाळा. स्वरांची ठेवणही सरकते आणि माणूस कार्टून होतो. वाक्यं लहान करा, प्रतिसाद चटकन येऊ द्या, वय आपोआप उतरतं.

घराघरातून मुद्रण करायचं असेल (२०२० मध्ये टाळेबंदीत बिग फिनिशनेही याच मार्गाने काम चालू ठेवलं) तर प्रत्येकाने आपल्याच यंत्रावर मुद्रित करावं. व्हिडिओ कॉलचा आवाज फक्त एकमेकांना ऐकण्यापुरता. सगळे ट्रॅक जुळवण्यासाठी सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी. दोन यंत्रांची घड्याळं अगदी सारखी चालत नाहीत. दहा लाखांत वीसचा फरक असला तरी तासाला ७२ मिलिसेकंद सरकतात, आणि शेवटची टाळी नसेल तर हे कळतच नाही. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट समोर घेऊन बसणं हा सर्वात स्वस्त आणि खरोखर चांगला स्टुडिओ. पंखा आणि फ्रिज बंद करा. फ्रिज परत चालू करायचं विसरू नये म्हणून गाडीची किल्ली त्यात ठेवून द्या.

मिक्सिंग करताना संवाद मधोमध किंवा जरासे डावे-उजवे. एका पात्राला पूर्ण डावीकडे टाकलंत तर एकच इअरफोन घालून लोकलमध्ये ऐकणाऱ्याचं ते पात्रच जातं. संवादाखालचा पार्श्वध्वनी दहा ते पंधरा डेसिबल खाली. पॉडकास्टसाठी एकूण पातळी उणे १६ लफ्सच्या (LUFS, कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास. युरोपातल्या प्रक्षेपणाचा मानदंड उणे २३ आहे, तो फोनवर ऐकायला हळू पडतो. राक्षसी यानाची घुमघुम फक्त ४०-५० हर्ट्झवर बांधली असेल तर फोनच्या स्पीकरवर ते यान नाहीच. तिच्यात २०० ते ८०० हर्ट्झचा एखादा खरखरीत थर मिसळा.

सगळं झालं की संहिता न वाचलेल्या एका माणसाला नाटक एकदाच, न थांबवता ऐकवा. मग तीन गोष्टी विचारा : कोण कोण होतं, कुठे कुठे होते, आणि शेवटी कुणाच्या हातात काय होतं. तिसऱ्या प्रश्नाला तो अडखळतो. तो जिथे अडखळला ती ओळ शोधा, नटाला परत बोलवा आणि तेवढी एकच ओळ त्याच खोलीत, त्याच माईकवर, तेवढ्याच अंतरावरून पुन्हा घ्या.